म्हातारपण कुठून मोजायचे?

१. सरकारी खिडक्या आणि वयाच्या रेघा

माणूस कितव्या वर्षी म्हातारा होतो? पारावर विचारलेत तर बहुतेक जण साठ म्हणतील. सरकारला विचारलेत तर तुम्ही कोणत्या खिडकीसमोर उभे आहात, यावर उत्तर ठरेल. महाराष्ट्र शासनाचा कारकून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो, त्याच कचेरीतला शिपाई साठाव्या वर्षी. आयकर खाते साठीला ज्येष्ठ मानते आणि ऐंशीला अतिज्येष्ठ. एसटीचे अर्धे तिकीट पासष्टला सुरू होते, आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तेही काढावे लागत नाही. श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन पासष्टच्या पुढे मिळते. आयुष्मान भारतचे उत्पन्नाची अट नसलेले कार्ड सत्तरीनंतर. रेल्वेची भाडेसवलत बायकांना अठ्ठावन्नाव्या आणि पुरुषांना साठाव्या वर्षापासून होती. मार्च २०२० मध्ये ती थांबली, त्यामुळे तिकिटाच्या पैशांपुरते तरी रेल्वेच्या लेखी आता कोणी म्हातारे होत नाही.

या रेघा वेगवेगळ्या का, हे समजण्यासारखे आहे. प्रत्येक खात्याचा हेतू निराळा आणि तिजोरीही निराळी. पण ‘भारत म्हातारा होत चालला आहे’, ‘थोड्या तरुणांच्या डोक्यावर खूप वृद्धांचा भार येणार’ ही जी वाक्ये आपण वर्तमानपत्रांत वाचतो, तीही अशाच एका रेघेवर उभी असतात. रेघ पाच वर्षे इकडेतिकडे सरकवली की तेवढ्याने कोट्यवधी माणसे म्हातारी होतात किंवा पुन्हा तरुण होतात. गेल्या वीस वर्षांत लोकसंख्याशास्त्रज्ञांनी ही रेघ ओढायच्या नव्या पद्धती काढल्या. त्या काय आहेत, आणि आपल्याकडे लावल्या तर काय दिसते, ते या प्रकरणात पाहू.

२. साठ आणि पासष्ट आले कुठून?

या आकड्यांमागे वैद्यकशास्त्र असेल असे वाटते. तसे काही नाही.

स्वीडनचे संख्याशास्त्रज्ञ गुस्ताव सुंदबर्ग यांनी १९०० साली लोकसंख्येचे तीन भाग पाडले. पंधराच्या आतली मुले, पंधरा ते एकोणपन्नास, आणि पन्नाशीच्या पुढचे. त्यांच्या हिशेबात पन्नाशी म्हणजे शेवटचा टप्पा. जर्मनीत बिस्मार्कच्या कारकिर्दीत १८८९ साली वार्धक्य-निवृत्तिवेतनाचा कायदा झाला, तेव्हा वय ठरले सत्तर. पासष्टचा आकडा बिस्मार्कच्या नावावर सर्रास खपवला जातो. खरे तर जर्मनीने वय सत्तरवरून पासष्टवर आणले ते १९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत. ब्रिटनने १९०८ मध्ये सत्तर धरले, अमेरिकेने १९३५ मध्ये पासष्ट. १९५६ साली संयुक्त राष्ट्रसंघाने लोकसंख्येच्या वृद्धत्वावर मोठा अहवाल काढला, त्यात पासष्टची रेघ वापरली आणि तीच जगभर रूढ झाली. भारताच्या वृद्धांविषयीच्या १९९९ च्या राष्ट्रीय धोरणात आणि आईवडिलांच्या चरितार्थासंबंधीच्या २००७ च्या कायद्यात साठ आले.

म्हणजे ही रेघ तिजोरी, युद्ध आणि सवय यांनी ओढली. त्यात गैर काहीच नाही. मोजायला सुरुवात कुठून तरी करावीच लागते. अडचण येते ती एकदा ओढलेली रेघ शंभर वर्षे तिथेच ठेवली आणि तिच्या पलीकडची माणसे मात्र बदलत गेली, की.

३. जुने माप आणि हजार वस्तीचे गाव

रूढ मापाचे नाव वृद्धावलंबन गुणोत्तर. नाव अवघड, हिशेब सोपा. अंशात ठरावीक वयापुढची माणसे, छेदात कामाच्या वयाची माणसे, आणि येणारे उत्तर गुणिले शंभर. भारतात साधारणपणे अंशात साठ व त्यापुढचे आणि छेदात पंधरा ते एकोणसाठ वयाचे धरतात.

एक काल्पनिक गाव घेऊ. प्रकरणभर तेच वापरू. आकडे मी रचलेले आहेत, पण देशातल्या प्रमाणांपासून फार दूर नाहीत. गावाची वस्ती १०००. पंधराच्या आतली मुले २५०. पंधरा ते एकोणसाठ वयाचे ६३०. साठीच्या पुढचे १२०, त्यांत साठ ते चौसष्ट वयाचे ४० आणि पासष्टपुढचे ८०. आता १२० भागिले ६३०, गुणिले शंभर. उत्तर येते १९. दर शंभर ‘कर्त्यां’मागे एकोणीस वृद्ध.

देशाचे आकडे असे आहेत. १९६१ च्या जनगणनेत हे गुणोत्तर १०.९ होते, २०११ मध्ये १४.२ झाले. सरकारच्याच अंदाजानुसार २०२१ साठी ते १५.७ होते आणि २०३१ मध्ये २०.१ होईल. २०२१ च्या अंदाजात केरळ २६.१ वर, म्हणजे सगळ्यांच्या पुढे. साठीपुढच्यांचा एकूण लोकसंख्येतला वाटा २०११ मध्ये ८.६ टक्के होता, महाराष्ट्रात ९.९. २०५० पर्यंत देशात तो वीस टक्क्यांच्या वर जाईल, असे संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा आणि मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचा २०२३ चा संयुक्त अहवाल सांगतो.

हे माप लोकप्रिय आहे, कारण त्याला वयापलीकडे कसलीच माहिती लागत नाही. जनगणनेचा एक तक्ता हाती आला की दहा मिनिटांत उत्तर निघते. पण त्यात तीन गोष्टी गुपचूप गृहीत धरल्या आहेत. साठीचा माणूस १९६१ मधला असो की आजचा, सारखाच म्हातारा. साठीपुढचा प्रत्येक जण दुसऱ्यावर अवलंबून. आणि पंधरा ते एकोणसाठमधला प्रत्येक जण कमावता. तिन्ही गृहीतके चुकीची आहेत. नवी मापे यांतल्या एकेकाला हात घालतात.

४. वयाची महागाई

पहिले गृहीतक मोडले ते वॉरन सँडरसन आणि सर्गेई शेर्बोव या जोडीने. सँडरसन न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ, शेर्बोव व्हिएन्नाजवळच्या लाक्सेनबुर्ग इथल्या संशोधन संस्थेतले लोकसंख्याशास्त्रज्ञ. २००५ मध्ये ‘नेचर’मध्ये आणि २०१० मध्ये ‘सायन्स’मध्ये त्यांचे लेख आले. कल्पनेचे बीज त्याआधीचे, १९७५ सालचे. जन्मापासून किती वर्षे गेली हे मोजण्याऐवजी मृत्यूपर्यंत सरासरी किती उरली हे पाहून म्हातारपण ठरवावे, असे नॉर्मन रायडर यांनी तेव्हा सुचवले होते.

सँडरसन आणि शेर्बोव हे समजावताना महागाईचा दाखला देतात, आणि तो आपल्या घरोघरी कळण्यासारखा आहे. आजोबांचा १९६० सालचा शंभर रुपये पगार आणि नातवाचे आजचे शंभर रुपये आपण शेजारी ठेवून तुलना करत नाही. त्या शंभरांत घरखर्च भागत होता, या शंभरांत धड एक जेवण होत नाही, हे आपल्याला ठाऊक असते. आधी किंमतवाढीचा हिशेब घालायचा, मग तुलना. वयालाही हेच लागू. १९६० चे साठ आणि आजचे साठ हा आकडा एकच, पण त्या साठीमागे उरलेले आयुष्य वेगळे. म्हणून वयालाही काळाचा भाव लावून घ्यायचा.

हिशेब असा. ज्या वयाला सरासरी पंधरा वर्षे उरतात, तिथे म्हातारपणाची रेघ ओढायची. पंधराच का? अमेरिकेत १९७० च्या सुमारास पासष्टीच्या माणसाला साधारण तितकी वर्षे उरत, म्हणजे जुनी रेघ त्या काळी जिथे पडत होती तिथूनच नव्या मापाची सुरुवात होते. रायडर यांनी दहा म्हटले होते. आकडा कोणता घ्यायचा हा मुद्दा गौण आहे, रेघ सरकती ठेवणे महत्त्वाचे.

इथे एक नेहमीचा गैरसमज दूर केला पाहिजे. ‘भारतीयांचे सरासरी आयुर्मान सत्तर, मग पासष्टीच्या माणसाला पाचच वर्षे उरली’ असे अनेक शिकलेले लोकही म्हणतात. सत्तर हा आकडा जन्मवेळचा आहे. त्यात तान्ह्या बाळांचे, तरुणपणी अपघातात किंवा बाळंतपणात गेलेल्यांचे मृत्यू मिसळलेले असतात. ज्याने साठी गाठली, त्याने हे सगळे धोके मागे टाकले. म्हणून १९७० ते ७५ या काळात देशाचे जन्मवेळचे आयुर्मान पन्नासच्याही आत होते, तरी साठीच्या माणसाला सरासरी चौदाच्या आसपास वर्षे उरत होती. आज साठीला सुमारे अठरा उरतात.

आता रेघ ओढा. १९७०-७५ मध्ये साठीला पंधराहून कमी वर्षे उरत होती, म्हणजे भारतीय माणूस साठीच्या आधीच ‘म्हातारा’ होत होता. आज पंधराची रेघ चौसष्ट-पासष्टच्या आसपास पडते. आपल्या गावात ती पासष्टवर नेली, तर अंशात उरले ८०. साठ ते चौसष्टचे ४० जण छेदात आले, छेद झाला ६७०. उत्तर १२. गावातला एकही माणूस बदलला नाही आणि भार एकोणीसवरून बारावर आला.

देशोदेशींचा क्रमही यामुळे उलटापालटा होतो. जुन्या मापात जपान जगात सर्वांत म्हातारा. पण जपानी बाईला पासष्टीनंतर सरासरी चोवीस वर्षे मिळतात, म्हणून तिथली रेघ सत्तरीच्या पुढे सरकते आणि भार एकदम हलका होतो. बल्गेरिया, युक्रेन अशा पूर्व युरोपीय देशांत माणसे लवकर जातात, त्यामुळे त्यांची रेघ खाली येते आणि ते वरच्या क्रमांकांत दिसू लागतात. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१९ च्या जागतिक वृद्धत्व अहवालात हे माप जुन्याच्या शेजारी मांडले, तेव्हापासून ते सरकारी टेबलांवर पोचले. केरळचेही जपानसारखेच. तिथले लोक जास्त जगतात, म्हणून जुन्या मापातली केरळची आघाडी या मापात कमी होते. जपानमध्ये तर वार्धक्यशास्त्राच्या तज्ज्ञांनी २०१७ मध्ये थेट सुचवले की वृद्ध हा शब्द पंचाहत्तरीच्या पुढे वापरावा.

५. उरलेली वर्षे कशी जातात?

इथे चाणाक्ष वाचक अडवणार. वर्षे उरली खरी, पण खाटेवर पडून काढायची असतील तर? आयुष्य लांबले म्हणजे तारुण्य लांबले असे कोणी सांगितले?

आक्षेप रास्त आहे, आणि त्यातूनच मापांची पुढची फळी निघाली. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये एक हिशेब प्रसिद्ध झाला. जगातल्या सरासरी पासष्ट वर्षांच्या माणसावर वयासोबत येणाऱ्या आजारांचा जितका भार असतो, तितका भार वेगवेगळ्या देशांत कोणत्या वयाला येतो, हे त्यात काढले होते. जपान आणि स्वित्झर्लंडमध्ये तो येतो शहात्तरीला. पापुआ न्यू गिनीत सेहेचाळीस वर्षांनाच. दोन टोकांत तीस वर्षांची तफावत. भारतीयही जपानी-स्विस लोकांच्या कितीतरी आधी त्या भाराखाली येतात.

याहून साधे माप हाताच्या पकडीचे. एक छोटे यंत्र मुठीत धरून जोराने दाबायचे, काट्यावर किलोत आकडा येतो. मुठीची ताकद ऐकायला किरकोळ वाटते, पण पुढे येणारे पंगुत्व आणि मृत्यू यांची चाहूल ती बऱ्यापैकी देते. सँडरसन आणि शेर्बोव यांनी अमेरिकेतल्या पाहणीचे आकडे घेतले. तिथे माध्यमिक शिक्षण पुरे न केलेल्या पासष्टीच्या गोऱ्या स्त्रियांची पकड ही शिक्षण पुरे केलेल्या साडेएकोणसत्तरीच्या गोऱ्या स्त्रियांइतकी निघाली. म्हणजे शाळा सुटल्याची किंमत म्हातारपणी साडेचार वर्षांनी चुकती केली.

आपल्याकडे अशी मोजणी झाली ती ‘लासी’ पाहणीत. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने दोन अमेरिकी विद्यापीठांसोबत ती केली. पहिल्या फेरीत, २०१७ ते २०१९ च्या दरम्यान, पंचेचाळीस वर्षांपुढची, त्यांच्या जोडीदारांसह, बहात्तर हजारांहून जास्त माणसे गाठली. त्यांचा रक्तदाब, चालण्याचा वेग, हाताची पकड, स्मरणशक्ती हे सारे घरी जाऊन मोजले. वयाचा दाखला नसलेल्या देशात शरीराला थेट विचारण्याचा हा प्रकार मला फार मोलाचा वाटतो. आपल्या जनगणनेत वये गोळाबेरीज सांगितली जातात. शून्य आणि पाचने संपणाऱ्या वयांपाशी आकड्यांचे ढीग साचतात. ज्या आजीला आपले वय ‘असेल साठ-पासष्ट’ एवढेच ठाऊक, तिची पकड मात्र यंत्र नेमकी सांगते.

बुद्धीचे काय? साठी बुद्धी नाठी, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. वेगार्ड स्किरबेक आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हेच अनेक देशांत तपासले. दहा शब्द ऐकवायचे आणि लगेच किती आठवतात ते मोजायचे. ज्यांची स्मरणशक्ती मंदावली तेवढेच अंशात घ्यायचे. या मापात उत्तर युरोप आणि अमेरिका हे वयाने म्हातारे देश बरे ठरले, आणि वयाने तरुण असलेले भारत, चीन, मेक्सिको मागे पडले. कारण रक्तात नाही, बालपणात आहे. त्या पाहणीतले आपले वृद्ध स्वातंत्र्याच्या आगेमागे जन्मलेले. १९५१ मध्ये देशात साक्षर होते अठरा टक्के. लहानपणी शाळा नाही, पोटभर अन्नाची खात्री नाही, आणि साठ वर्षांनी त्याचा हिशेब दहा शब्दांच्या परीक्षेत दिसतो. पुढच्या साठीच्या पिढ्या शाळेत गेलेल्या असतील, तेव्हा म्हणीचा जोरही ओसरेल असे मानायला जागा आहे.

६. छेदात कोण बसते?

आतापर्यंत सगळी खटपट अंशाची झाली. खरी मौज छेदात आहे, आणि भारतापुरते बोलायचे तर वादाचा गाभाही तिथेच आहे.

ब्रिटनचे येरून स्पायकर आणि जॉन मॅकिनेस यांनी २०१३ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक साधा बदल सुचवला. अंशात पंधरा किंवा त्याहून कमी वर्षे उरलेले लोक, आणि छेदात वय न पाहता प्रत्यक्ष रोजगारात असलेले सगळे. कामाच्या वयाचा पण घरी बसलेला माणूस छेदातून बाहेर, कामावर जाणारी सत्तरीची बाई छेदात आत. या मापाने पाहिले तर ब्रिटनमधला भार आधीच्या चार दशकांत वाढण्याऐवजी सुमारे एक तृतीयांशाने घटला होता. आयुष्य लांबले, आणि दरम्यान बायका मोठ्या संख्येने नोकरीत आल्या.

आपल्या गावाला हे लावू. ६३० कर्त्या वयाच्यांत निम्मे पुरुष, ३१५. त्यांतले २४५ कमावतात. ३१५ बायकांपैकी १२०. साठ ते चौसष्टच्या ४० पैकी १८ अजून कामावर, आणि पासष्टपुढच्या ८० पैकी २२. एकूण कमावते ४०५. पासष्टपुढचे ८० भागिले ४०५ केले, की उत्तर २०. बारावर आलेला भार पुन्हा वर गेला.

पण थांबा. त्या ८० पैकी २२ जण स्वतःच कमावत आहेत, त्यांना कोणाच्या डोक्यावर का बसवायचे? ते वगळले तर ५८ उरतात, गुणोत्तर १४. आता समजा, आणखी ८० बायकांना पगाराचे काम मिळाले. छेद ४८५, गुणोत्तर १२. रेघ पाच वर्षे पुढे ढकलून जो दिलासा मिळाला होता, तो कोणाचेही निवृत्तीचे वय न वाढवता मिळाला.

आणि आता मला सगळ्यांत बोलका वाटणारा आकडा. गावात न कमावणारे एकूण ५९५. त्यांत मुले २५०. साठीपुढचे न कमावणारे ८०. पंधरा ते एकोणसाठमधले न कमावणारे २६५. काही शिकणारी पोरे, काही बेकार, आणि त्यांतल्या १९५ बायका. ‘म्हाताऱ्यांचा भार’ म्हणून जी ओरड होते, तिच्यातले म्हातारे न कमावणाऱ्यांच्या सातव्या हिश्शाएवढेही नाहीत.

गाव रचलेले असले तरी देशाचे चित्र याच वळणाचे आहे. सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात पंधरा वर्षांपुढच्या बायकांपैकी काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होत्या, २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के. वाढ मोठी दिसते, पण तिच्यात घरच्या शेतीत किंवा दुकानात बिनपगारी राबणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, म्हणून मी तिच्यावर फार विसंबणार नाही. न कमावणाऱ्या बायका रिकाम्या बसतात असाही याचा अर्थ नव्हे. २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला २९९ मिनिटे जात होती, पुरुषाची ९७. सासूचे औषधपाणी, सासऱ्यांना दवाखान्यात नेणे हे या पाच तासांत धरलेले नाही, ते वेगळेच. गुणोत्तराच्या हिशेबात ती अवलंबित, आणि वृद्धांचा प्रत्यक्ष भार तिच्याच खांद्यावर.

दुसरीकडे, ज्यांना आपण अवलंबित म्हणतो ते साठीपुढचे लोक काय करतात? लासीच्या पाहणीत त्यांच्यातले सुमारे ३६ टक्के काम करत होते, पुरुषांतले तर निम्मे. यात वकील, डॉक्टर थोडे. शेतकरी, शेतमजूर, टपरीवाले जास्त. निवृत्ती ही पेन्शनवाल्यांची चैन आहे. बाकीचे हातपाय चालतात तोवर चालवतात. तेव्हा ‘इतके वृद्ध कामात आहेत’ याचा आनंद मानावा की खंत करावी, हे गुणोत्तर सांगत नाही.

७. पैसा कोणाकडून कोणाकडे जातो

अमेरिकेतले रोनाल्ड ली आणि अँड्र्यू मेसन यांनी माणसे मोजण्याऐवजी पैसा मोजायला घेतला. प्रत्येक वयाला माणूस सरासरी किती कमावतो, किती खर्चतो, आणि मधली तफावत कशातून भरून निघते? मुलांच्या कमाईतून, सरकारकडून, की स्वतःच्या जमीन-ठेवींतून? चाळीसहून जास्त देशांत, भारतातही, असे हिशेब मांडले गेले आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या २०१९ च्या अहवालातले तिसरे माप यावरच बेतलेले आहे. वृद्धांचा खर्च भागिले सर्वांची कमाई.

हे माप मला कोकणाकडे पाहताना आठवते. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. पुरुष मुंबईत, घरी म्हातारे आणि बायका. जनगणना माणूस जिथे राहतो तिथे त्याला धरते. म्हणून गावातले वृद्ध रत्नागिरीच्या अंशात आणि त्यांना पैसे पाठवणारा मुलगा नालासोपाऱ्याच्या छेदात. पूर्वी मनीऑर्डर जायची, आता पैसे फोनवरून जातात. जिल्ह्याचे गुणोत्तर भयंकर दिसते आणि शहराचे तरणेबांड, प्रत्यक्षात घर एकच. उलटा प्रवासही चालतो. नातवंड झाले की आजी सहा महिने शहरात येते, म्हणून सून कामावर जाऊ शकते. कोण कोणावर अवलंबून आहे, याचे उत्तर या मापातही पुरते येत नाही, कारण आजीला पगार नाही.

८. मापावरून पगार कापला जातो तेव्हा

ही चर्चा विद्यापीठांत राहत नाही. डेन्मार्क, नेदरलँड्स, फिनलंड, इटली अशा देशांनी पेन्शनचे वय आयुर्मानाशी जोडले आहे. आयुष्य लांबले की पेन्शन लांबते. डेन्मार्कच्या संसदेने २०२५ मध्ये २०४० पर्यंत ते सत्तर करण्याचे ठरवले. रशियाने २०१८ मध्ये पुरुषांचे वय साठवरून पासष्टवर न्यायचे जाहीर केले आणि रस्त्यावर मोर्चे निघाले. पुरुषांचे जन्मवेळचे आयुर्मान सदुसष्टच्या आसपास असलेल्या देशात लोक काय म्हणणार, हे सांगायला नको. चौथ्या भागातला गैरसमज त्या घोषणांतही होता, पण राग खोटा नव्हता. कारखान्यातल्या माणसाला आपल्या आळीतले किती जण पासष्टी पाहतात, ते दिसत असते.

सरकत्या रेघेची हीच अडचण आहे. रेघ सरासरीने सरकते आणि सरासरी वर नेतात ते बहुतेक सुस्थितीतले लोक. भारतात शहरी आणि ग्रामीण आयुर्मानात चार-साडेचार वर्षांचे अंतर आहे, केरळ आणि छत्तीसगड यांच्यात दहाच्या जवळपास. कुलाब्यातल्या निवृत्त अधिकाऱ्याचे आणि बीडहून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याचे उरलेले आयुष्य एकत्र करून रेघ ओढली, की अधिकाऱ्याच्या दीर्घायुष्यामुळे कोयत्यावरच्या जोडप्याचे निवृत्तिवेतन लांबते. पकडीचे यंत्र दोघांच्या हातात दिले तर वेगळाच क्रम लागेल. पण पकडीवरून पेन्शन ठरवायची म्हटली, तर मूठ मुद्दाम ढिली सोडणारेही निघतील.

डेन्मार्कने यावर काढलेला तोडगा कष्टाची वर्षे मोजण्याचा आहे. जे लवकर कामाला लागले आणि एकसष्टीपर्यंत ज्यांची किमान बेचाळीस वर्षे श्रमबाजारात गेली, त्यांना २०२२ पासून आधी निवृत्त होता येते. यासाठी वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षापासूनची नोंद लागते, आणि ती तिथे आहे. आपल्याकडच्या ऊसतोड कामगाराची कुठे आहे? मुकादमाच्या वहीत उचल लिहिलेली असते, किती हंगाम राबला ते नसते. अंगमेहनतीचे दिवस सरकारदरबारी सलग नोंदले गेले ते मुख्यतः रोजगार हमीच्या हजेरीपटावर, आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांतले त्यांतले बरेचसे आता संगणकावर आहेत. श्रावणबाळ योजनेची पासष्टची अट अंगमेहनत करणाऱ्यांसाठी खाली आणायची ठरली, तर कोणाला किती वर्षे आधी द्यायचे, याचा पहिला कच्चा हिशेब या हजेरीपटांवरून मांडता येईल.